घर सांभाळताना शुगर तपासत कशी राहायची? मधुमेही आईसाठी माहिती

मधुमेहाला आपल्या घरात सगळे ‘शुगर’ म्हणतात. हा आजार दुखत नाही, म्हणून तो मागे पडतो. मुलाला ताप आला तर आई रात्री अकरालाही दवाखाना गाठते, पण स्वतःची शुगर तपासून तीन महिने झाले की सहा, हे तिला आठवत नाही. शुगर वाढलेली असते तेव्हाही ती स्वयंपाक करते, पाणी भरते, डबे देते, शिलाईचं काम उरकते. थकवा आला तर ‘काम जास्त झालं’ असं म्हणते. शरीर जोपर्यंत चालतंय तोपर्यंत ठीक आहे, हा समज या आजारात चालत नाही. डोळ्याचा पडदा, किडनी, पायाच्या नसा आणि हृदय यांचं नुकसान वर्षानुवर्षं गुपचूप होत राहतं.

आपल्या शहरातलं चित्र पाहा. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेसोबत २०२१ मध्ये १८ ते ६९ वयाच्या लोकांची पाहणी केली. त्यात सुमारे १८ टक्के लोकांची उपाशीपोटीची साखर १२६ च्या वर निघाली. देशभरातल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये जाहीर केले. त्यानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मरोळ, चकाला, साकीनाका भागात पाच-सहा घरांच्या मजल्यावर एक तरी शुगरवाला सापडतो, यात नवल नाही.

ही माहिती त्या आईसाठी आहे जिला आजार ठाऊक आहे, गोळ्या चालू आहेत, पण तपासणी सुटते. औषध कोणतं आणि किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना ते नीट ठरवता यावं म्हणून घरातून कोणते आकडे न्यायचे, ते इथे पाहू.

कोणता आकडा काय सांगतो

साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात. आपण नुसतं ‘शुगर १४०’ म्हणतो, ते हेच माप.

उपाशीपोटी: किमान ८ तास पाण्याशिवाय काही घेतलेलं नसावं. १०० च्या आत म्हणजे ठीक. १२६ किंवा जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच आली, तर मधुमेह. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यापैकी बहुतेकांसाठी ८० ते १३० हे लक्ष्य ठेवतात.

जेवणानंतर: पहिला घास घेतल्यापासून दोन तास मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. बहुतेक मधुमेही लोकांसाठी हा आकडा १८० च्या आत असावा.

एचबीए१सी: हा मागच्या सुमारे तीन महिन्यांचा गोषवारा. मधुमेही व्यक्तीसाठी साधारण ७ च्या आत हे लक्ष्य असतं. ७ म्हणजे सरासरी साखर साधारण १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. वय झालेलं असेल, साखर वारंवार खाली जात असेल किंवा इतर आजार असतील, तर डॉक्टर लक्ष्य थोडं सैल ठेवतात. आपला आकडा शेजारणीच्या आकड्याशी ताडून पाहू नका.

लॅबमध्ये जायच्या आधी दोन दिवस गोड आणि भात बंद करणारे पुष्कळ आहेत. त्याने उपाशीपोटीचा आकडा चांगला दिसेल, पण एचबीए१सी तीन महिन्यांचा हिशेब दाखवतोच. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास इथे कामाला येत नाही.

बायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवू शकतं. लोहाची कमतरता असेल तर तो आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. थॅलेसेमियासारखा दोष असेल किंवा नुकताच खूप रक्तस्राव झाला असेल तर कमी दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी घरच्या मशीनचे आकडे जास्त उपयोगी ठरतात.

रोज तपासायचं का?

सगळ्यांना रोज तपासायची गरज नसते. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला दिवसातून अनेकदा तपासावं लागतं, त्यात काटकसर करू नये. फक्त गोळ्यांवर असलेल्या आणि शुगर आटोक्यात असलेल्या बाईला आठवड्यातून मोजक्या तपासण्या पुरतात. मात्र त्या ठरवून केलेल्या असाव्यात. मनात आलं तेव्हा बोट टोचलं आणि आकडा विसरून गेलो, तर पट्टी फुकट गेली.

आठवड्याला पाच पट्ट्यांचं एक सोपं वेळापत्रक असं बसवता येतं. डॉक्टरांना दाखवून त्यात बदल करा.

रविवारी: सकाळी उपाशीपोटी एकदा.
मंगळवारी: दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी.
गुरुवारी: रात्रीच्या जेवणाआधी आणि नंतर दोन तासांनी.

आधी आणि नंतर अशी जोडी केली की त्या जेवणाने साखर किती वाढवली ते कळतं. आधी १२० आणि नंतर १६५ असेल तर जेवण मानवलं. आधी १२० आणि नंतर २४० असेल तर ताटात काय होतं ते पाहा. पुढच्या मंगळवारी एक पाव किंवा भाताची एक वाटी कमी करून पुन्हा जोडी तपासा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की कुणी उपदेश करायची गरज राहत नाही.

औषध बदललं, आजारपण आलं, घरात लग्न आहे, रमजान सुरू झाला, किंवा चक्कर आणि घाम असं काही वाटलं, तर वेळापत्रक बाजूला ठेवून जास्त वेळा तपासा.

नमाजच्या वेळांना तपासणी जोडा

मोबाइलचा अलार्म बंद करून आपण विसरून जातो. पण अजान झाली की हातातलं काम थांबतंच. म्हणून तपासणी वुजूच्या आधी ठेवायची. साबणाने हात धुवा, पुसा, तपासा आणि मग वुजू करा.

हा क्रम ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. हनफी मसलकानुसार रक्त निघून वाहिलं तर वुजू तुटतो. शाफई मसलकात, जो आपल्या कोकणी घरांमध्ये चालतो, तसं नाही. तपासणी आधी आणि वुजू नंतर ठेवला की दोन्ही घरांत प्रश्नच उरत नाही.

फजरला उठल्यावर चहाच्या आधी उपाशीपोटीची तपासणी होते. मात्र रात्री साडेअकराला जेवलात आणि पाचला उठलात, तर ८ तास होत नाहीत. त्या दिवशी थोडं थांबा किंवा आदल्या रात्री लवकर जेवा. पहाटे शरीरातले काही हार्मोन साखर आपोआप थोडी वाढवतात, त्यामुळे रात्री कमी खाऊनही सकाळचा आकडा जास्त येऊ शकतो. असं तीन-चार वेळा दिसलं तर घाबरून रात्रीचं जेवण बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

जोहरनंतर पावणेतीनला जेवलात तर असरच्या सुमारास दोन तास पूर्ण होतात. मगरिबनंतर आठला जेवलात तर रात्री दहाला, झोपण्याआधी, तपासणी करता येते. नमाज माफ असलेल्या दिवसांत ही सवय मोडते, म्हणून त्या दिवसांसाठी मोबाइलवर अलार्म लावा.

बोट टोचण्याची योग्य पद्धत

चुकीच्या पद्धतीने घेतलेला आकडा न घेतलेल्या आकड्यापेक्षा वाईट, कारण त्यावर आपण विश्वास ठेवतो.

१. हात साबण-पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. आंबा चिरला, खजूर सोलला किंवा सरबत ढवळलं आणि तसंच बोट टोचलं, तर बोटावरची साखर मोजली जाते आणि आकडा खूप जास्त दिसतो. बोट ओलं असेल तर रक्त पातळ होऊन आकडा कमी दिसू शकतो.

२. बोटाच्या मध्यावर टोचू नका, कडेला टोचा. तिथे कमी दुखतं. रोज बोट बदला. शिलाई, जरीकाम करणाऱ्या बायकांनी सुई धरायची बोटं सोडून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वापरावं.

३. थेंब यावा म्हणून बोट जोरात पिळू नका. हात खाली सोडून थोडा हलवा किंवा कोमट पाण्याने धुवा.

४. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या खराब होतात. डबी गॅसच्या शेजारी, खिडकीत किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. कपाटातला कोरडा कोपरा बरा. डबीवरची शेवटची तारीख पाहा आणि उघडल्यावर किती महिने चालते तेही वाचा.

५. टोचायची सुई एकाची दुसऱ्याला कधीच वापरू नका. घरात सासू आणि सून दोघींना शुगर असेल तर टोचायचं पेनही वेगळं ठेवा. एकाच पेनमधून कावीळ ब सारखे आजार पसरू शकतात.

६. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावा. कचरा उचलणाऱ्या माणसाच्या हाताचा विचार करा.

घरच्या मशीनचा आणि लॅबचा आकडा तंतोतंत जुळत नाही. आंतरराष्ट्रीय मापदंडानुसार १०० च्या वरच्या साखरेत १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर मशीनवर १७० ते २३० यातलं काहीही येऊ शकतं. म्हणून एका आकड्यावर निर्णय घेऊ नका, चार आकड्यांचा कल पाहा. फरक याहून मोठा वाटला तर लॅबला जाताना मशीन सोबत न्या आणि त्याच वेळी बोट टोचून ताडून पाहा.

आकडे लिहिले तरच कामाचे

मशीन आकडे जपून ठेवतं, पण त्या वेळी काय खाल्लं होतं ते त्याला माहीत नसतं. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहितो, त्यावरच शुगर लिहा. तारीख, वेळ, आकडा आणि दोन शब्द: ‘लग्नाची बिर्याणी’, ‘गोळी राहिली’, ‘ताप’. महिनाअखेरीस पानाचा फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांकडे तो उघडा. तीन मिनिटांच्या तपासणीत तोंडी आठवण्यापेक्षा हे पान जास्त सांगतं.

घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवा. वर्गात ते रेषालेख काढायला शिकतंच. आडव्या अक्षावर तारखा, उभ्या अक्षावर साखर, आणि १३० व १८० वर दोन रेघा. अम्मीचा आलेख काढणारं मूल तिला तपासणीची आठवणही करून देतं. फक्त आकडा वाढला म्हणून कुणी तिला टोमणा मारू नये. टोमणे मिळतात त्या घरात बाई आकडे लपवायला लागते.

आई शेवटी जेवते, तिथे धोका आहे

बऱ्याच घरांत सकाळची गोळी आठला होते आणि मुलं, नवरा, सासू-सासरे जेवेपर्यंत आईच्या जेवणाला तीन वाजतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतलं असेल तर जेवण लांबल्यावर साखर खाली घसरू शकते. फक्त मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फार कमी असतो. आपली गोळी कोणत्या प्रकारची, हे डॉक्टरांना एकदा नीट विचारून घ्या.

साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची. ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. हात थरथरणे, थंड घाम, धडधड, एकदम भूक, चिडचिड, डोळ्यांसमोर अंधारी आणि बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. जमलं तर तपासा, पण मशीन शोधण्यात वेळ घालवू नका.

उपाय साधा आहे. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या. सावरल्यावर काहीतरी खा. अशा वेळी चॉकलेट किंवा मिठाई नको, कारण त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते.

दुपारी घरात बहुतेक वेळा आई आणि लहान मूलच असतं. म्हणून मुलांना चार गोष्टी शिकवून ठेवा: साखरेचा डबा कुठे आहे, साखरेचं पाणी कसं करायचं, शेजारी कुणाला हाक मारायची आणि रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक. आई शुद्धीवर नसेल तर तिच्या तोंडात काहीही घालायचं नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिला कुशीवर वळवायचं आणि मदत बोलवायची. आठ वर्षांच्या मुलालाही हे जमतं, पण ते आधी दोन-तीनदा करून घ्यावं लागतं.

आणि मोठ्यांसाठी एक सांगणं: घरातल्या शुगर असलेल्या बाईला वेळेवर ताट वाढणं हा तिच्या औषधाचाच भाग आहे. सगळ्यांसोबत बसून ती जेवली तर कुणाचा मान कमी होत नाही.

उलट, साखर ३०० च्या वर राहिली आणि सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी असेल तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालयात जा.

रमजानमध्ये

बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात. तरीही ‘रोजा आहे, इफ्तारनंतर बघू’ म्हणत दिवसभर तपासणी टाळली जाते, आणि धोका नेमका दिवसाच असतो.

रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. गोळ्यांच्या वेळा आणि प्रमाण बदलावं लागतं. सकाळचा डोस सेहरीला आणि रात्रीचा इफ्तारला, असं आपल्या मनाने फिरवू नका. रोजे ठेवले तर सेहरीआधी, सकाळी, दुपारी, असरच्या सुमारास, इफ्तारआधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी या वेळांतून डॉक्टर सांगतील त्या निवडा. तब्येत बिघडल्यासारखी वाटली तर कोणत्याही वेळी तपासा.

साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं वैद्यकीय मार्गदर्शन आहे. इफ्तारला अर्धा तास उरला असला तरी. सूरह बकरामध्ये आजारी आणि मुसाफिर यांना रोज्यात सवलत दिलेली आहे. आपल्या बाबतीत कजा की फिदिया, हे डॉक्टरांचं मत घेऊन आपल्या आलिमांना विचारा. इन्सुलिनवर असलेल्या, गरोदर किंवा वारंवार साखर घसरणाऱ्या बाईने डॉक्टरांना न विचारता रोजा ठेवू नये.

खजूर खाणं सुन्नत आहे, पण त्यातली साखर रक्तात जातेच. एक खजूर आणि साधं पाणी घेऊन इफ्तार करता येतो. भजी, समोसे, सरबत आणि फिरनी एकाच दस्तरखानावर असतील तर दोन तासांनंतरचा आकडा ते सांगेलच.

गरोदरपणात शुगर निघाली असेल तर

भारत सरकारच्या मार्गदर्शनानुसार प्रत्येक गरोदर बाईची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत व्हायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातली शुगर धरतात. त्यानंतर लक्ष्य जास्त कडक असतं: उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत.

बाळंतपणानंतर ही शुगर बहुतेकींची जाते, आणि फाइल कपाटात जाते. पण अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका खूप जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ग्लुकोजची तपासणी पुन्हा करा. बाळाच्या लशीची पहिली मोठी फेरी त्याच सुमारास असते, त्यामुळे दोन्ही एकाच फेरीत होतात. त्यानंतर दरवर्षी एकदा तपासा.

खर्च कसा बसवायचा

एका पट्टीला २० रुपये धरले तर आठवड्याच्या पाच पट्ट्यांचे १०० रुपये आणि महिन्याचे साधारण ४४० रुपये होतात. मशीन स्वस्त मिळतं, पट्ट्या महाग पडतात. म्हणून मशीन घेताना आधी त्याच्या पट्टीची किंमत आणि ती आपल्या औषधवाल्याकडे कायम मिळते का, ते विचारा. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रात तेच औषध बरंच स्वस्त मिळतं.

महापालिकेच्या दवाखान्यात शुगरची तपासणी होते. नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांत रक्ताच्या अनेक तपासण्या मोफत होतात. पुढच्या तपासणीसाठी मरोळकरांना विलेपार्ल्याचं कूपर रुग्णालय आहे. घरातलं कुणी एमआयडीसी किंवा सीप्झमध्ये कामाला असेल आणि पगारातून ईएसआयसी कापलं जात असेल, तर बायको-मुलांनाही त्या योजनेतून उपचार मिळतात. कार्डावर तुमचं नाव आहे का, ते आज पाहून घ्या. तीस वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. मोठ्या बहिणीला शुगर असेल तर धाकटीलाही सोबत घेऊन जा.

वर्षाचं वेळापत्रक

दर तीन महिन्यांनी: एचबीए१सी, वजन, रक्तदाब. आकडे स्थिर असतील तर डॉक्टर एचबीए१सी सहा महिन्यांवर नेऊ शकतात.

वर्षातून एकदा: डोळ्यात थेंब घालून पडद्याची तपासणी, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल, आणि पायाच्या संवेदनेची तपासणी.

रोज: पाय. वुजूला पाय धुताना बोटांच्या बेचक्या, टाच आणि तळवा पाहून घ्या. जखम, फोड, काळा डाग दिसला तर दोन दिवस वाट पाहू नका.

शाळांच्या प्रवेशाच्या, परीक्षेच्या आणि ईदच्या तारखा आपण महिनाभर आधी लिहून ठेवतो. त्याच कॅलेंडरवर पुढची एचबीए१सीची तारीख आजच लिहा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवशी मुलांचे डबे आणि शाळा कोण बघणार, हे आधीच ठरलेलं असेल.